पाटी आणि मुखवटा : कोरियातील एका कायद्याची हकीकत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलू. ते आम्हांला सोपेही गेले असते; तीस वर्षे गेटसभांतून दुसरे काय करीत आलो आहोत? परंतु आम्ही विषय निवडला तो दक्षिण कोरियातील एका कायद्याचा. 2007 साली तो अंमलात आला आणि 2012 साली तेथील घटना न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. पाच वर्षांचे त्याचे आयुष्य. इंटरनेटवरील मोठ्या स्थळी कोणासही चार ओळी लिहावयाच्या असतील तर त्याने आधी आपली सरकारी ओळख पटवून द्यावी, एवढेच तो कायदा सांगत होता.

आमची शाळा सातवीत सुटली. 1982 च्या गिरणी संपानंतर वडील मुंबई सोडून गावी आले आणि आम्ही पुस्तकांऐवजी पाने-हातोडे हाती घेतले. त्यानंतरचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि शब्दकोशाच्या आधाराने झाले. तेव्हा विद्वानाचे व्याख्यान ऐकावयास आलेल्यांची आज थोडी निराशा होईल. पण हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. तो आमच्या मानगुटीस बसला, तो कसा हे आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या युनियनचा वेतनकरार व्हावयाचा होता. बोलणी निर्णायक टप्प्यावर आली असता एका रात्रीत कामगारांच्या मोबाईलवर मजकूर फिरू लागला की, पुढाऱ्यांनी व्यवस्थापनाकडून पैसे घेतले आहेत. शे-दीडशे निरनिराळ्या नावांची खाती. कोणी 'मावळा', कोणी 'खरा कामगार', कोणी फुलाचे चित्र लावलेली बाई. मजकूर मात्र एकच. 'वाटाघाटी' हा शब्द सगळीकडे 'वाटघाटी' असा पडलेला. दीडशे माणसे एकाच रात्री एकच चूक करीत नाहीत, हे कळावयास पदवी लागत नाही. तरी तीन दिवस आम्ही लोकांच्या नजरा चुकवीत होतो. घरच्या मंडळींना बाजारात बायका आडून आडून विचारीत होत्या. करार पुढे झाला; परंतु ज्याच्या अंगावर अशी चिखलफेक झाली आहे त्यालाच तिचा वास किती दिवस जात नाही ते ठाऊक.

पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्ही स्वतः ठराव मांडला. इंटरनेटवरील प्रत्येक खाते आधार क्रमांकाशी जोडलेले असावे, अशी सरकारकडे मागणी. टाळ्यांच्या गजरात ठराव मंजूर झाला. सभा संपल्यावर पॅकिंग खात्यातील एक मुलगी सतरंज्या गोळा करता करता आम्हांला म्हणाली, "अण्णा, ठराव चांगला आहे. पण मागच्या साली सुपरवायझरच्या विरुद्ध आपल्या पेटीत जी चिठ्ठी पडली होती, ती आधार नंबर लिहून कोणी टाकली असती का हो?"

त्या चिठ्ठीवर सही नव्हती. तिच्याच जोरावर आम्ही चौकशी लावली होती आणि तो गृहस्थ गेला होता. आम्ही त्या मुलीला "बघू" एवढेच म्हणालो. पुढाऱ्याचा "बघू" म्हणजे काय हे ती जाणून होती. त्या रात्रीपासून आम्ही वाचावयास लागलो, आणि वाचता वाचता कोरियापर्यंत येऊन पोहोचलो. कारण आम्ही जो ठराव केला तो त्या देशाने प्रत्यक्ष करून पाहिला आहे.

आता आधी 'बॉट' म्हणजे काय ते सांगणे भाग आहे, कारण श्रोत्यांत वडीलधारी मंडळी पुष्कळ दिसतात. बॉट म्हणजे माणसाच्या वतीने खाते चालविणारी संगणकाची आज्ञावली. तिला एकदा सांगून ठेवले की अमक्या बातमीखाली अमका मजकूर टाक, तमक्या मताला 'पसंत' म्हणून शिक्का मार, की ती न थकता, न जेवता, रात्रंदिवस ते करीत राहते. निवडणुकीत एकाच माणसाने बोटाची शाई पुसून दहा वेळा मत देण्याचा जो जुना धंदा आहे, त्याचेच हे यंत्रयुगातील रूप. मात्र येथे दहा नव्हे, दहा लाख वेळा. त्यात फसवणूक मजकुराची असते त्याहून अधिक संख्येची असते. वाचणाऱ्याला वाटते, एवढे लोक म्हणतात म्हणजे काही तरी असेल.

कोरियाची कथा मात्र इंटरनेटच्या किती तरी आधी सुरू होते. 21 जानेवारी 1968 रोजी उत्तर कोरियाचे 31 सशस्त्र हस्तक सीमा ओलांडून सोलमध्ये शिरले आणि अध्यक्षांच्या निवासस्थानापासून काहीशे मीटरपर्यंत येऊन पोहोचले. त्यांचा बेत अध्यक्ष पार्क चुंग-ही यांना ठार मारण्याचा होता. तो फसला, परंतु त्या धक्क्याने देशात एक नवी व्यवस्था आली. हेर कोण आणि नागरिक कोण हे ओळखता यावे म्हणून प्रत्येक नागरिकास निवासी नोंदणीचा क्रमांक देण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पहिली कार्डे खुद्द अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नीस मिळाली. 1975 पासून हा क्रमांक तेरा आकड्यांचा झाला. त्यात जन्मतारीख असे, स्त्री की पुरुष ते असे, आणि नोंदणी कोणत्या गावची तेही असे. म्हणजे आकडा वाचला की माणूस निम्मा वाचून झाला. आणि हा आकडा जन्मभर बदलत नसे.

हेरांसाठी विणलेल्या जाळ्यात पुढे कोण सापडले? याचे एक उदाहरण आम्ही धंद्याच्या नात्याने देतो. इंचॉन शहरात डोंगिल टेक्स्टाइल नावाची कापडगिरणी होती. कामगार बहुतेक मुली. त्यांनी आपली युनियन आपल्या हाती घेतली, स्त्री अध्यक्ष निवडली. फेब्रुवारी 1978 मध्ये निवडणुकीच्या दिवशी कंपनीच्या बाजूच्या पुरुषांनी मतदानास आलेल्या त्या मुलींच्या अंगावर विष्ठा फेकली. पुढे 124 जणींना कामावरून काढले. गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. त्या 124 जणींची यादी देशभरच्या कारखान्यांना धाडण्यात आली, आणि कोठेही काम मागावयास गेल्या तरी ओळख पटताच त्यांना दार बंद. ही यादी पाठविणारे कोण होते? कापड कामगारांच्या राष्ट्रीय युनियनचे मुख्य कार्यालय! हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. काळी यादी मालक करतो हे आम्हांला माहीत होते. ती आपल्याच घरातून निघू शकते हे ऐकून होतो, पण छापलेले प्रथमच पाहिले.

तरीही ओळखपत्र म्हणजे वाईटच असे कामगारास म्हणता येत नाही, हेही येथे नोंदले पाहिजे. मुंबईच्या गिरणीमालकांनी 1935 साली बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. तोवर पहाटे गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या गर्दीतून जॉबर आपल्या मर्जीतली माणसे आत घेई, आणि मर्जी कशाने राखावी लागे ते सांगावयास नको. कार्डाने ती मनमानी थोडी तरी आवरली. आजही कंत्राटी कामगारास हजेरीकार्ड, नेमणुकीचे पत्र, भविष्यनिधीचा क्रमांक मिळावा म्हणून आम्ही भांडतो. कागद कामगाराच्या खिशात असेल तर ते त्याचे हत्यार आहे. तोच कागद दुसऱ्याच्या कपाटात गेला तर काय होईल ते त्या दुसऱ्यावर अवलंबून.

नव्या शतकाच्या आरंभी कोरियात घरोघर वेगवान इंटरनेट आले होते. इतक्या लवकर इतक्या घरांत ते दुसऱ्या फारच थोड्या देशांत पोहोचले. लोक बातम्या 'नेव्हर', 'डाउम' अशा स्थळांवर वाचत आणि खाली आपली मते लिहीत. एकेका बातमीखाली हजारो मते. त्यांत शिवीगाळही अर्थातच आली. 2005 साली सोलच्या भुयारी रेल्वेत एका तरुणीच्या कुत्र्याने घाण केली आणि तिने ती पुसली नाही. कोणी तरी छायाचित्र घेतले, आणि काही दिवसांत साऱ्या देशाने त्या मुलीला शोधून काढून जगणे नकोसे केले. मग नट-नट्यांच्या मागे लागलेली झुंड, त्यांतून झालेल्या काही आत्महत्या. लोक हळहळले आणि चिडले. निनावीपणा हेच या साऱ्याचे मूळ, असे बहुतेकांस वाटू लागले. निवडणुकीच्या काळापुरती वृत्तस्थळांवर ओळख तपासण्याची तरतूद 2004 सालीच झाली होती. जुलै 2007 पासून ती मोठ्या स्थळांवर सर्वकाळ लागू झाली. प्रथम रोज तीन लाख लोक भेट देतात अशी स्थळे, पुढे 2009 पासून एक लाखाची मर्यादा. तेव्हा 153 स्थळे तिच्याखाली आली.

हा कायदा नेमका काय होता हे नीट समजून घेतले पाहिजे, नाही तर त्यावर अन्याय होईल. मजकुराखाली खरे नाव छापा असे तो म्हणत नव्हता. टोपणनाव घेण्यास मुभा होती. फक्त आत शिरताना नाव आणि तेरा आकडी क्रमांक द्यावयाचा. तो बरोबर आहे याची स्थळचालकाने खात्री करावयाची आणि नोंद ठेवावयाची. लोकांपुढे मुखवटा चालेल, दरवाज्यावरील देवडीवाल्याला मात्र तोंड दाखवून जा. ऐकावयास किती वाजवी वाटते! आमचा ठरावही अगदी असाच होता.

देवडीवाल्याकडील वही पुढे कोण वाचते याचे उत्तर फार दिवस थांबावे लागले नाही. 2008 साली डाउमच्या चर्चास्थळावर 'मिनर्व्हा' या टोपणनावाने कोणी तरी अर्थकारणावर लिहू लागले. अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडणार हे त्याने आधी सांगितले, कोरियाच्या चलनाची घसरण सांगितली, आणि दोन्ही गोष्टी घडल्या. देशभर तर्क चालले : हा कोणी निवृत्त बँकर असावा, परदेशात काम केलेला तज्ज्ञ असावा. जानेवारी 2009 मध्ये त्यास अटक झाली तेव्हा निघाला एक तिशीतला बेकार तरुण, अर्थशास्त्राची पदवी नसलेला, पुस्तके वाचून स्वतः शिकलेला. खोटी माहिती पसरवून सार्वजनिक हितास बाध आणल्याचा आरोप. सुमारे शंभर दिवस तुरुंगात काढल्यावर एप्रिलमध्ये न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले, आणि पुढल्या वर्षी डिसेंबरात ज्या कलमाखाली त्यास पकडले ते कलमच घटनाबाह्य ठरले. या माणसाविषयी आम्हांला विशेष जिव्हाळा वाटतो, तो का हे सांगणे नलगे. नाव ठाऊक नव्हते तोवर लोकांनी त्याच्या म्हणण्याचे वजन केले. नाव कळताच पदवीचे वजन सुरू झाले.

कायदा करताना जी आशा होती तिचे काय झाले? ऑक्टोबर 2008 मध्ये, म्हणजे कायदा लागू होऊन वर्ष उलटून गेल्यावर, चोई जिन-सिल ही तेथील अत्यंत लोकप्रिय अभिनेत्री आत्महत्या करून गेली. एका सहकलाकाराच्या मृत्यूशी आणि कर्जाशी तिचे नाव जोडणाऱ्या अफवा इंटरनेटवर धुमसत होत्या. ओळख तपासूनच लोक आत जात होते, तरी ते धुमसणे थांबले नव्हते. सरकार म्हणाले, कायदा अधिक कडक हवा. असेच होते. औषध लागू पडले नाही की पहिला विचार येतो तो मात्रा वाढविण्याचा.

परदेशी कंपन्यांपुढे या कायद्याची मजाच झाली. एप्रिल 2009 मध्ये 'यूट्यूब'ने ओळख तपासण्यास नकार देऊन कोरियापुरती चित्रफिती चढविण्याची व मते लिहिण्याची सोयच बंद केली. लोकांनी काय केले? आपला देश कोरियाऐवजी दुसरा निवडला की झाले! अध्यक्षांच्या कचेरीच्या चित्रफितीही याच वाटेने चढत राहिल्या. कायदा करणाऱ्यांच्या सर्वोच्च कचेरीने कायद्याला वळसा घालावा, यापरता विनोद नाटककारासही सुचला नसता.

परंतु खरा घाव पडला तो 2011 च्या जुलैत. 'नेट' आणि 'सायवर्ल्ड' ही दोन स्थळे चालविणाऱ्या कंपनीच्या कोठारात चोर शिरले आणि साडेतीन कोटी लोकांची माहिती घेऊन गेले. देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास. म्हणजे दर दहांत सात! नावे, दूरध्वनी, पत्ते, आणि सांकेतिक रूपात का होईना, तो जन्मभराचा क्रमांक. चोरांनी दरवाजा फोडलाही नाही. एका प्रसिद्ध संगणक-प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या जेथून येत त्याच नळातून ते आत शिरले. येथे एक साधा हिशेब आहे. परवलीचा शब्द चोरीस गेला तर दुसरा घेता येतो. कुलूप बदलता येते. कोरियातील माणसाला आपला क्रमांक बदलून मिळत नव्हता. 2014 मध्ये पुन्हा तीन क्रेडिट कार्ड कंपन्यांकडून सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती फुटली. त्या वेळी ती नेणारा तर कंपन्यांना सेवा पुरविणाऱ्या संस्थेचाच एक नोकर होता, आणि चोरीचे साधन बोटाएवढे. अखेर 2015 च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले की क्रमांक बदलूच न देणे घटनेस धरून नाही, आणि 2017 पासून तशी सोय झाली. गाव सांगणारे आकडे जाऊन त्यांच्या जागी वाटेल ते आकडे यावयास तर 2020 चा ऑक्टोबर उजाडला.

आणि चोरीचे हे आकडे कोणाच्या उपयोगी पडतात? खोटी खाती काढणाऱ्यांच्याच. कायदा होण्याच्या आदल्या वर्षी, 2006 मध्ये, 'लिनिएज' नावाच्या संगणकी खेळात लाखांवर कोरियन नागरिकांच्या नावे परस्पर खाती काढली गेल्याचे उघडकीस आले होते. त्या बिचाऱ्यांना आपण खेळतो आहोत याचा पत्ताच नव्हता. जे प्रामाणिक आहेत ते आपला क्रमांक देऊन आत जातात, बनावट मनुष्य दुसऱ्याचा देऊन जातो. वही दोघांचीही भरते.

23 ऑगस्ट 2012 रोजी घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने हा कायदा रद्द केला. फिर्याद तीन नागरिकांनी आणि एका वृत्तस्थळाने केली होती. न्यायालय म्हणाले त्याचा आशय असा की, कायद्यामुळे बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाला असे दिसत नाही; लोक परदेशी स्थळांकडे गेले; ज्यांना क्रमांक नाही अशा परकीयांचे तोंड बंद झाले; बोलावयास भिणारे गप्प बसले; आणि माहिती फुटण्याचा धोका मात्र वाढला.

गोष्ट येथे संपली असती तर आम्ही ती आपणांस सांगितली नसती. कारण आतापर्यंत आपण निनावी शिवीगाळ करणाऱ्या माणसाविषयी बोललो. पगारी मुखवटा आणि यंत्र ही दोन पात्रे पुढे आहेत.

निकालानंतर चारच महिन्यांनी अध्यक्षपदाची निवडणूक होती. 11 डिसेंबर 2012 रोजी विरोधी पक्षाचे लोक सोलमधील एका सदनिकेच्या दाराशी जाऊन ठाकले. आत राष्ट्रीय गुप्तवार्ता खात्यातील एक महिला कर्मचारी होती. ती टोपणनावांनी इंटरनेटवर राजकीय मजकूर टाकते, असा आरोप. दीड-दोन दिवस दाराची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींकडे पाहत राहिल्या. पोलिसांनी मतदानाच्या तीन दिवस आधी रात्री जाहीर केले की, पुरावा नाही. 19 तारखेस पार्क ग्युन-हे निवडून आल्या. क्रमांकाची पद्धत आणणाऱ्या पार्क चुंग-हींच्या त्या कन्या. पुढे सरकारी वकिलांनीच खणून काढले ते असे : खात्याच्या मानसशास्त्रीय युद्ध विभागातील माणसे बनावट खाती चालवीत होती आणि एकट्या ट्विटरवर बारा लाखांहून अधिक संदेश गेले होते, त्यांतील बहुसंख्य थोड्या मूळ मजकुरांच्या यंत्राने काढलेल्या नकला. 2017 साली नव्या राजवटीत झालेल्या चौकशीत बाहेरच्या लोकांचे तीसपर्यंत गट या कामी लावल्याचे निघाले. खात्याचे प्रमुख वॉन से-हून यांना झालेली चार वर्षांची शिक्षा एप्रिल 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

त्या मोहिमेने निकाल फिरला असे आम्ही म्हणत नाही. ते कोणासच मोजता यावयाचे नाही. आम्ही तारखांकडे लक्ष वेधतो. ही कामे 2009 पासून 2012 पर्यंतची. म्हणजे ज्या काळी नागरिकाने तेरा आकडे दाखविल्यावाचून एक ओळही लिहू नये असा कायदा होता, त्याच काळी त्याच राज्याचे पगारी नोकर मुखवटे घालून त्या गर्दीत हिंडत होते.

दुसरे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, आणि आम्हांला अधिक बोचणारे. जानेवारी 2018 मध्ये, प्याँगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी दोन्ही कोरियांचा मिळून महिलांचा आइस हॉकी संघ करावयाचे ठरले होते. त्या बातमीखाली सरकारविरोधी मतांवर पसंतीचे शिक्के अशा वेगाने पडू लागले की, माणसाची बोटे तेवढी चालत नाहीत. सत्तारूढ डेमोक्रॅटिक पक्षाने पोलिसांत तक्रार केली. पोलिसांनी पकडले ते कोणाला? त्याच पक्षाच्या सदस्यांना! 'द्रुकिंग' या टोपणनावाचा एक प्रसिद्ध लेखक आणि त्याचा गट. पाजू येथील एका प्रकाशनसंस्थेच्या आडोशाने त्यांचे काम चाले. 'किंग क्रॅब' नावाची आज्ञावली त्यांनी तयार केली होती. मोबाईल फोनांचा ताफा मांडून ती बातम्यांखालील मतांवर आपोआप शिक्के मारी. आरोपपत्राप्रमाणे डिसेंबर 2016 ते फेब्रुवारी 2018 या काळात आठ कोटींहून अधिक शिक्के! आधी ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारासाठी चालले. मग आपल्या माणसास ओसाका येथील महावाणिज्यदूताचे पद मिळावे ही मागणी मान्य झाली नाही, तेव्हा यंत्राचे तोंड फिरविले.

आता ध्यानात घ्या, नेव्हरवर खाते काढावयास त्या वेळीही मोबाईल क्रमांक लागे, आणि कोरियात मोबाईल क्रमांक ओळख पटविल्यावाचून मिळत नाही. ही खाती हवेतली नव्हती. ती हाडामांसाच्या, नावानिशीवार माणसांची होती. गटाच्या सभासदांनी आणि इतरांनी आपली खाती यंत्राच्या स्वाधीन केली होती. प्रत्येक बॉटच्या मागे खरे ओळखपत्र उभे होते. खऱ्या नावाचा आग्रह धरणाऱ्याने येथे काय तपासावयाचे?

दक्षिण ग्याँगसांग प्रांताचे गव्हर्नर किम ग्याँग-सू यांना या कटात सामील झाल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली आणि जुलै 2021 मध्ये ती कायम होऊन त्यांचे पद गेले. त्यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारला. 2022 च्या अखेरीस उरलेली शिक्षा माफ झाली. आम्हांला अधिक आठवतो तो दुसरा माणूस. रो हो-छान. विद्यापीठात शिकलेला असूनही वेल्डिंगचे काम शिकून कारखान्यात शिरलेला, इंचॉनच्या कामगारांची संघटना बांधणारा, त्यासाठी तुरुंगात गेलेला आणि पुढे संसदेत कामगारांचा आवाज झालेला. द्रुकिंगच्या गटाकडून त्याने चार कोटी वॉन घेतले होते. कोरियन चलनात ती मोठी रक्कम नव्हे. चौकशी जवळ आली तेव्हा 23 जुलै 2018 रोजी त्याने आपले जीवन संपविले. पैसे घेतले, बदल्यात काही दिले नाही, पण नियमाप्रमाणे त्यांची नोंद केली नाही, अशी कबुली तो लिहून ठेवून गेला. पक्षाची वर्गणी, संपनिधी, कोणी तरी आणून दिलेली पाकिटे, यांचे हिशेब ज्याने ठेवले आहेत त्यास ही कबुली वाचताना अंगावर काटा येतो.

हे प्रकरण उघडकीस कसे आले, यात आम्हांला रस आहे. नाव तपासून नव्हे, वागणूक तपासून. थोड्या वेळात शेकडो शिक्के, एकाच साच्यातली बोटे, एकाच क्रमाने. आमच्याकडे 'वाटघाटी'ने जे सांगितले तेच. कारखान्यात रात्रपाळीला माल चोरीस जातो तेव्हा चांगला वॉचमन प्रत्येकाच्या खिशातली कार्डे पाहत बसत नाही, वजनकाट्यावरचा आकडा पाहतो. शिक्क्यांची ही मोजदाद स्थळचालकांपाशी असते. ती त्यांनी उघडी ठेवावी, एका खात्यास किती बोलता येईल यावर मर्यादा घालावी, हे त्यांच्याकडे मागता येते. त्यात त्यांचा धंदा कमी होतो म्हणून ते टाळतात, असे आमचे मत आहे.

याने सगळा रोग बरा होईल असा भ्रम आम्हांला नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुल्ली आणि गू हारा या दोन तरुण गायिका सहा आठवड्यांच्या अंतराने गेल्या. दोघींनीही बराच काळ लोकांचे विष सोसले होते. त्यानंतर डाउमने आणि पुढे मार्च 2020 मध्ये नेव्हरने मनोरंजनाच्या बातम्यांखाली मते लिहिण्याची जागाच बंद केली. ते विष ओतणारी यंत्रे नव्हती, माणसेच होती, आणि त्यांतील कित्येक ओळख पटवून आलेली. निवडणूक काळातील ओळख-तपासणी कायद्याच्या पुस्तकात उरली होती. जानेवारी 2021 मध्ये घटना न्यायालयाने तीही काढून टाकली.

इकडे आपल्या देशात 2019 साली खाती आधारशी जोडण्याची मागणी मद्रास उच्च न्यायालयामार्गे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 2021 च्या नियमांत मोठ्या स्थळांनी ज्यांना हवी त्यांना ओळख पटविण्याची सोय द्यावी असे आले; सक्ती आली नाही. आता मुलांच्या संरक्षणाच्या निमित्ताने हाच प्रश्न वयाच्या तपासणीचे कपडे घालून जगभर आला आहे. ब्रिटनमध्ये जुलै 2025 पासून काही स्थळांवर वय सिद्ध करणे भाग झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'डिस्कॉर्ड' या स्थळाने जाहीर केले की, वयाची शंका मिटविण्यासाठी लोकांनी दिलेल्या सरकारी ओळखपत्रांची सुमारे सत्तर हजार छायाचित्रे बाहेरच्या एका सेवादाराकडून फुटली असावीत. सोलमधील कोठार पुन्हा फुटले, एवढेच आम्ही मनाशी म्हणालो.

गेल्या महिन्यात युनियनच्या कार्यकारिणीपुढे आम्ही आपलाच ठराव मागे घेण्याची सूचना ठेवली. दोन तास कडाक्याचे भांडण झाले. एक जुने सहकारी म्हणाले, "तुमच्यावर चिखल उडाला तेव्हा ठराव हवा होता, आता पुस्तके वाचून नको झाला!" त्यांच्या मुलीच्या नावाने कोणी खोटे खाते काढून घाणेरडी छायाचित्रे टाकली होती, तपास अजून चालू आहे. त्यांना उत्तर देणे आम्हांला जमले नाही, आजही जमत नाही. सूचना पुढच्या सर्वसाधारण सभेकडे गेली आहे. सभेच्या नोटिशीवर विषय पत्रिकेत चौथा आहे, आणि तक्रारपेटीची किल्ली या खेपेपासून पॅकिंग खात्यातील त्या मुलीकडे दिली आहे.